यरुशलेममध्ये एका कबरेभोवती सगळ्या मंडळ्या

गालील, नासरेथ, बेथलेहेम सगळं छान झालं, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेत ते बघा. मला लिहायचंय ते यरुशलेममधल्या पवित्र कबरेच्या चर्चबद्दल, म्हणजे येशूची कबर जिथं होती असं मानतात त्या जागेवरच्या चर्चबद्दल, कारण तिथं गाइडनं आमच्या ग्रुपला जेमतेम अर्धा तास दिला, रांगेत ढकलाढकली, कबरेत डोकावलं की लगेच बाहेर, आणि याचा मला अजून राग आहे. त्यात आमच्यातलेच काहीजण 'धूप, दिवे, चित्रं, हे काही आपलं नाही' म्हणत बागेतल्या कबरेकडं (येशूची कबर ही असं आपल्यातले काहीजण मानतात) चला म्हणून मागं लागले. दमास्कस गेटबाहेरची ती बाग खरंच शांत आहे, पाळकसाहेबांनी तिथं मराठीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस, दिलं तेव्हा मलाही रडू आलं. पण मन त्या धुपाच्या अंधारातच अडकलेलं.

मी नगरची. आमच्याकडं 1831 पासून अमेरिकन मराठी मिशन, त्यामुळं साधं चर्च, भजन, पेटी-तबला आणि वचन. लूथरनं 1517 मध्ये रोमच्या चर्चला आव्हान दिलं तिथून फुटलेल्या प्रोटेस्टंट शाखेतले आपण, आणि या चर्चमध्ये आपल्या वाट्याला एक खांबसुद्धा नाही.

रविवारी पहाटे मी एकटीच परत गेले. किल्ली जूदे घराण्याकडं आणि दार उघडायचं काम नुसैबे घराण्याकडं, दोन्ही मुसलमान, कित्येक शतकं हे असंच चालू आहे. आत कुणाची जागा कुठली, उपासना कधी, हे सगळं 1852 च्या ऑटोमन सुलतानाच्या फर्मानावर चालतं, जे जसं आहे ते तसंच ठेवायचं. दर्शनी भिंतीवरच्या खिडकीखालची लाकडी शिडीसुद्धा म्हणूनच कुणी हलवत नाही.

आत ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचं गायन, पलीकडं कॅथलिकांचा ऑर्गन, हे दोघं 1054 मध्ये पोपच्या अधिकारावरून आणि श्रद्धेच्या काही मुद्द्यांवरून वेगळे झाले. कबरेच्या पाठीला चिकटून कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांची एवढीशी खोली. कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियन, इथिओपियन ही मंडळी त्याच्याही आधीची वेगळी, येशूचं देवपण आणि माणूसपण कसं सांगायचं यावरून 451 मध्ये खाल्सेदोनला भरलेल्या चर्चच्या परिषदेनंतर. भांडणं एवढी जुनी, पण पिता, पुत्र, पवित्र आत्मा हा एकच देव, येशू आपल्या पापांसाठी वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, याबद्दल तिथं कुणाचंच दुमत नाही, म्हणून तर सगळे त्याच रिकाम्या कबरेला धरून बसलेत.

मी थांबले ती मागच्या बाजूच्या सिरियन चॅपलमध्ये. भिंती काळ्या पडलेल्या, गिलावा उडालेला, कारण जागा आर्मेनियन लोकांची की सिरियन लोकांची हा वाद मिटत नाही, मग दुरुस्ती करणार कोण? त्या तसल्या भिंतींसमोर सिरियाकमध्ये, म्हणजे येशू बोलायचा त्या अरामी भाषेच्याच एका रूपात, उपासना चाललेली. माझ्या शेजारी पांढरी साडी नेसलेल्या, केरळच्या एक आजी, पुस्तक हातात नाही काही नाही आणि धर्मगुरूंच्या मागोमाग सगळी उत्तरं पाठ! मी हळूच विचारलं तर मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बेटी, हमारे कोट्टयम में भी यही है, बचपन से." मला इतकं भरून आलं ना, इतक्या लांब येऊन त्यांना त्यांच्या घरचं सापडलं.

मग प्रभुभोजनाची वेळ झाली आणि आजी पुढं गेल्या. मला जाता येईना, दुसऱ्या शाखेच्या माणसाला तिथं ते देत नाहीत. नियम मला माहीत होता, धर्मगुरूंबद्दल तक्रार नाही, पण कबरेपासून चार पावलांवर उभं राहून ते फार लागलं. आदल्या दिवशी बागेत मला मिळालेली भाकर आणि आजींना इथं मिळालेली भाकर ज्या येशूच्या नावानं मिळाली तो एकच, मग आम्ही दोघी एका मेजावर का नाही? पाळकसाहेबांना विचारलंय, ते म्हणाले नगरला गेल्यावर बोलू. मी सोडणार नाहीये.