केळीच्या पंपापासून शार्कच्या टाकीपर्यंत : आमची वाटचाल

आमचं मूळ दुकान मोटार रिवाइंडिंगचं. यावल-रावेरकडे केळीला पाणी देणारे पंप उन्हाळ्यात जळाले की शेतकरी ते जळगावला घेऊन यायचे आणि आबा रात्री उशिरापर्यंत तांब्याची तार भरत बसायचे. पावसाळ्यात हातावर हात. त्या रिकाम्या दिवसांत मी काचेच्या टाक्या चिकटवून विकायला लागलो. गप्पी, गोल्डफिश, एअर पंप, एवढाच पसारा. आबा त्याला पोरखेळ म्हणायचे. दिवाळीला गल्ला बघितला आणि बोलायचे थांबले.

शार्क आधी नुसता नावाला आला. दुकानांत 'शार्क' म्हणून जो चार इंची चंदेरी मासा मिळतो तो खरं तर पंगस, मूळचा मेकाँग नदीचा, मिशीवाल्या माशांच्या कुळातला. वाढला की मीटरभराच्या पुढे जातो, आपल्याकडे तो खाण्यासाठी तळ्यात पाळतात. लोक दोन फुटी टाकीत सोडायचे आणि वर्षभरात 'भाऊ, परत घ्या' म्हणत यायचे. आम्ही तो विकणं बंद केलं. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं तर जाऊ दे.

खऱ्या शार्कचं काम आलं ते महामार्गावरच्या एका हॉटेलमुळे. मालकांनी, म्हणजे नानांनी, २० हजार लिटरची टाकी बांधून घेतली होती आणि त्यात बांबू शार्क सोडले होते. हा जेमतेम तीन फुटांचा, तळाशी पडून राहणारा मासा. पडल्या पडल्या कल्ल्यांवरून पाणी खेचतो, म्हणून टाकीत जगतो. पण दोन्ही शार्क एकाच कोपऱ्याला चिकटून बसत, खाण्याला तोंड लावत नसत. आधी काम पाहणारे म्हणाले, मासेच आजारी आहेत, बदला. नानांनी आम्हाला बोलावलं ते खरं तर पंप आवाज करतो म्हणून.

पंप बंद केला आणि थोड्या वेळात एक शार्क कोपरा सोडून वाळूवरून सरकत आला. चालू केला, परत कोपऱ्यात. माझ्या कारागिराने पंप वर काढून मेगर (तारेवरचं आवरण वीज कितपत अडवतं ते मोजणारं यंत्र) लावला, तर इन्सुलेशन पार खाली. सील गेलं होतं, खारं पाणी वाइंडिंगपर्यंत पोचलं होतं आणि टाकीला अर्थिंगच नव्हतं. शार्कच्या तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात, आत जेलीने भरलेल्या नळ्या. लोरेन्झिनी या इटालियन वैद्याने १६७८ साली त्यांचं वर्णन केलं. त्या वीज ओळखतात हे मात्र विसाव्या शतकात कळलं. वाळूत लपलेल्या माशाच्या अंगातली नाममात्र वीज ज्याला जाणवते, त्याच्या पाण्यात गळका पंप म्हणजे कानाशी सतत वाजणारा डीजे. आम्ही पंप टाकीबाहेर घेतला, आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, लावला, स्टीलचे क्लॅम्प काढून सगळं पीव्हीसी केलं. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू आले की तिथेही वीज तयार होतेच. त्याच आठवड्यात शार्कनी चिमट्यातून माकूळ घेतलं. मासे बदलावे लागले नाहीत.

तिथून वार्षिक देखभालीची कामं मिळू लागली. जळगावचं बोअरचं पाणी जड, म्हणून आधी आरओ, मग समुद्री मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम. नानांची टाकी पहिल्यांदा भरायची तर ७०० किलो मीठ! हॉटेलवाले हा हिशेब ऐकूनच चहा मागवतात. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि टाकीत २५-२६ ठेवायचे, तेही वीज जात-येत असताना. पाणी गार करणाऱ्या चिलरची कॉइल टायटॅनियमचीच, तांब्याची चालत नाही. ज्या तांब्यावर आमचं घर चाललं तेच शार्कला विष. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध सर्रास घालतात. शार्कच्या टाकीत ते कधीच घालू देत नाही. आजारी मासा वेगळ्या टाकीत.

खाणं आठवड्यातून दोन-तीनदा, रोज नाही. गोठवलेल्या मासळीतलं बी-१ जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून तुकड्यात गोळी खोचून देतो. पाण्यात नायट्रेट साचलं तर आयोडीन अंगी लागत नाही, घशाशी गाठ येते. त्यामुळे पाण्याची तपासणी चुकवत नाही. नाना एकदा म्हणाले, "दादा, तू डॉक्टर झाला की वायरमन?" येणारी पोरं मात्र एकच विचारतात, "हाऊ मासा चावस का भो?"

यंदा ब्लॅकटिप रीफ शार्कची विचारणा आली. दिसायला तो अगदी सिनेमातला शार्क, पण सतत पोहत राहावं लागतं, कोपऱ्यांवर नाक घासतो, त्याला प्रशस्त गोल टाकी लागते. शिवाय २०२२ साली पनामात साइट्सच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, बैठकीत त्याचं अख्खं कुळ दुसऱ्या परिशिष्टात (व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत) गेलं, म्हणजे कागदपत्रांशिवाय आयात नाही. गिऱ्हाईकाची टाकी चौकोनी आणि जनरेटर फक्त एसीच्या लाइनला जोडलेला. कोटेशन दिलंच नाही. त्यांना बांबू शार्कचा पर्याय सुचवलाय, पण आधी जनरेटरची लाइन टाकीपर्यंत आणा म्हणालोय. अजून फोन आलेला नाही. पुढच्या हंगामासाठी केळीवाल्यांचे पंप यायला लागलेत, तेव्हा कामाची चणचण नाही.