निवृत्तांचा डिसेंबर

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा नाताळ पेन्शनीतल्या माणसांनी उभा केला, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. पाळकसाहेब एक, गावं चार-पाच, आणि २५ तारखेची सकाळ सगळ्यांची एकच. मग निवृत्त पाळक, निवृत्त गुरुजी आणि बाई अशी जोडपी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वळकटी घेऊन एकेका गावात यायची, चर्चलगतच्या खोलीत उतरायची आणि वॉचनाइट, म्हणजे ३१ तारखेच्या रात्रीची उपासना, झाली की परतायची. या पट्ट्याला थंडीतल्या मुक्कामाची सवय जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं केलं आणि पुढे पावसाळा सरला की मिशनरी तंबू, बैलगाडी घेऊन खेड्यांचे दौरे काढू लागले. तंबूंच्या जागी पत्र्याची खोली आली, एवढाच फरक.

कामाची वाटणी नोव्हेंबरातच व्हायची. प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) आणि बाप्तिस्मा दीक्षा झालेल्या पाळकांनीच द्यायचा. गुरुजींनी उपासना चालवावी, उपदेश करावा. म्हणून जिथे बाप्तिस्मे ठरले असतील तिथे निवृत्त पाळक आणि बाकीच्या गावी गुरुजी. हे वेळेत ठरलं नाही तर पुण्या-मुंबईचे पाहुणे जमलेत, बाळाला पांढरा झगा घातलाय आणि बाप्तिस्मा देणारं कुणीच नाही, अशी पंचाईत व्हायची.

आल्या आल्या पहिलं काम चांदणीचं. पाच कामट्यांची एक चांदणी, तशा दोन. कामटी तीन फुटांची. दोन्ही चांदण्यांची टोकं सुतळीने एकत्र बांधायची आणि आत कामट्या जिथे एकमेकींवरून जातात, त्या पाच जागी सहा इंचांचे टेकू अडकवायचे, की पोट फुगतं. टेकू लहान-मोठे झाले तर चांदणी एका अंगाला कलते आणि वर टांगल्यावर ते सगळ्या गावाला दिसतं. पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटवायचा. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं तर झुरळं कागद कुरतडत नाहीत. मात्र ते विषारी, म्हणून ती खळ मुलांच्या हाती द्यायची नाही. खालची एक घडी उघडी ठेवायची, दिवा बदलायला आणि ऊब बाहेर जायला. साठ वॅटचा बल्ब लावण्याचा मोह बऱ्याच जणांना होई आणि कागद आधी पिवळा, मग तपकिरी पडे. आता एलईडीमुळे ती भीती गेली.

कॅरल पार्टी, म्हणजे घरोघरी नाताळची गाणी म्हणणारी मंडळी, संध्याकाळी सातला निघे. एका रात्रीत दहा-बारा घरं, घरटी दोन गाणी आणि प्रार्थना. नारायण वामन टिळकांनी अभंग-भजनाचं वळण उपासनेत रुजवल्यामुळे इथल्या कॅरलला पेटी, ढोलकी आणि झांज लागतेच. दवाने दोरीची ढोलकी उतरते. ती शेकोटीपासून दोन हात लांब धरून हळूहळू शेकायची. जवळ नेली की पुडी तडकलीच. वर सर्दीने आणि धुराने म्हाताऱ्यांचे आवाज बसलेले असतात, म्हणून पेटीवाल्याने पट्टी नेहमीपेक्षा एक स्वर खाली घ्यावी. तरुण कुरकुरतात, पण बायकांना वरचा सा गाठता येतो. खरा वैरी चहा. प्रत्येक घर कप पुढे करतं, नाही म्हणवत नाही, आणि सहाव्या घरापर्यंत निम्मे गायक आडोसा शोधत असतात. म्हणून बायांनी नियम घालून दिला होता: चहा तिसऱ्या घरी आणि शेवटच्या घरी, मधल्यांनी मूठभर शेंगदाणे डब्यात टाकावेत.

ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल, तिथे काय करायचं हे मात्र तरुण पोरांना कधीच उमगत नसे, आणि निवृत्त जोडप्याची खरी गरज तिथेच लागे. ते घर वगळून ढोलकी वाजवत पुढे जाणं वाईट, आणि दारात जाऊन दणक्यात गाणं त्याहून वाईट. रीत अशी होती: जोडप्याने दिवसाउजेडी, दुपारची भांडी घासून झाल्यावर, आधी एकट्यानेच जाऊन यायचं. बाईंनी आत चुलीपाशी बसायचं, गुरुजींनी ओट्यावर. उपदेश करायचा नाही. गेलेल्या माणसाचं नाव मात्र मोकळेपणाने घ्यायचं, कारण बाकीचे सगळे तेच टाळत असतात. उठताना विचारायचं, "रात्री पोरं येतील, दारात गायलेलं चालंल का?" नको म्हणाले तर रात्री दिवा खाली करून पुढे जायचं. चालेल म्हणाले तर ढोलकी-झांज बंद, फक्त पेटीवर एक संथ गाणं आणि लहानशी प्रार्थना. त्या घरी फराळ होत नाही, म्हणून २४ तारखेला दोन-तीन घरांतून डबे जात. ते एकदम नेले तर उपकार वाटतो, म्हणून वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी.

फराळाची शंकरपाळी सगळ्यांसाठी एकत्र होई. वाटीभर दूध, वाटीभर साखर, वाटीभर तूप. साखर विरघळेपर्यंत गरम करून, कोमट झालं की मावेल तेवढा मैदा. तूप सढळ पडलं तर तेलात विरतात, कमी पडलं तर ज्यांच्यासाठी केल्या त्यांच्याच कवळ्या अडचणीत येतात.

२५ च्या प्रीतिभोजनाला दीडशे पानं धरली तर तांदूळ पंधरा किलो, हाडासकट मटण वीस किलो आणि बाजरीच्या भाकरी घरटी पाच, ज्याच्या त्याच्या चुलीवर. डिसेंबरात बाजारात नवा तांदूळ आलेला असतो, स्वस्तही पडतो, पण मोठ्या पातेल्यात त्याचा गोळा होतो. जुना कोलमच घ्यावा आणि पाच-पाच किलोच्या तीन पातेल्यांत शिजवावा. एकाच पातेल्यात वरचा कच्चा राहतो नि खालचा लागतो. शेजारपाजारच्या शाकाहारी घरांसाठी आमटी-भात वेगळ्या चुलीवर, वेगळ्या डावाने, आणि ही ताटं मटणाला फोडणी पडायच्या आधी गेलेली बरी. दिवाळीला त्यांच्याकडून फराळ आलेला असतो, त्याची परतफेड याच ताटांनी होते.

मुलांच्या नाटिकेबद्दल एवढंच सांगतो की मेंढपाळांना धनगरवाड्यावरून खरी घोंगडी आणावी, पण खरं कोकरू आणू नये. माइकच्या आवाजाने ते बिथरतं आणि गव्हाणीतलं गवत तुडवून मागी लोकांच्या (बाळ येशूला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांच्या) अंगावर जातं. खाऊच्या पिशव्या शब्बाथ शाळेच्या (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाच्या) पटावर मोजू नयेत. सुट्टीला आलेली नातवंडं धरून पटाच्या दीडपट कराव्यात.

३१ च्या वॉचनाइटला साडेदहाला सुरुवात, बाराला घंटा, मग वचनचिठ्ठ्या, म्हणजे बायबलमधली वचनं लिहिलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येकाने टोपलीतून एक उचलायची. ते त्याचं वर्षाचं वचन. चिठ्ठ्या लिहिण्याचं काम बाईंचं. वचन दोन ओळींचं, अक्षर टपोरं, काळ्या शाईचं, कारण निम्म्यांचा चष्मा घरी राहिलेला असतो. न्यायनिवाड्याची, शापाची वचनं टाळायची. आजारी माणसाच्या हातात नेमकं तेच येतं आणि वर्षभर मनात राहतं.

१ तारखेच्या उपासनेनंतर हिशेब. कॅरलच्या डब्यातले पैसे दोघांनी मोजायचे, तिसऱ्याने वहीत लिहायचे. तांदूळ, मटण, मंडप, विजेच्या माळा असा खर्च वाचून दाखवायचा आणि उरलेल्या रकमेवर वाद होऊ द्यायचा. तो दाबला की पुढच्या वर्षी वर्गणी रोडावते. त्यानंतर भाड्याची भांडी मोजून परत. दर वर्षी एक वगराळं कमी भरतं. ते बहुतेक पाळकसाहेबांच्या घरी निघतं, म्हणून शोध तिथून सुरू करावा.