शोअर केबल लावलेली, करंट शून्य

पोर्टात इलेक्ट्रिकलला आहे, कुठल्या ते विचारू नका. 2023 ला केंद्राच्या 'हरित सागर' गाइडलाइन्स (बंदरांतलं प्रदूषण कमी करायच्या) आल्या तेव्हापासून आमच्या प्रत्येक मीटिंगमध्ये शोअर पॉवर. म्हणजे धक्क्याला लागल्यावर बोटीने स्वतःचा जनरेटर बंद करायचा आणि किनाऱ्यावरची वीज घ्यायची. मोठ्या कंटेनर जहाजांचं त्रांगडं आहे, त्यांना 6.6 केव्ही लागतं, वर बहुतेक सगळी 60 हर्ट्झवाली आणि आपली ग्रिड 50 ची, म्हणजे मध्ये कन्व्हर्टर आला, कोटींचा खर्च आला. टगचं (मोठी जहाजं ओढणारी छोटी बोट) तसं नाही. 415 व्होल्ट, 50 हर्ट्झ, प्लग लावला की झालं. एसीत बसून तरी असंच वाटतं.

तर पावसाळ्यात एकदा वरून पाहणी होती. आदल्या संध्याकाळी जेटीवर गेलो तर केबल मस्त लावलेली, ओहोटीला ताणू नये म्हणून ढील पण बरोबर सोडलेली, इंडिकेटर लागलेले. आणि टगचा डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, धडधडतोय! टॉन्ग टेस्टर (केबलभोवती धरून करंट मोजायचा चिमटा) लावला, तिन्ही फेजला शून्य. टगचा धक्क्यावरचा लोड 25 किलोवॅटच्या आसपास, 35-40 अँपिअर दिसायलाच हवे होते. म्हणजे केबल नुसती फोटोपुरती.

खाली इंजिन रूममध्ये गेलो. ड्रायव्हरकाका दापोलीकडचे, आयुष्य बोटीवर गेलेलं. मी तावातच होतो. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, चेंजओव्हर मारून बघा तुम्हीच." मारला, म्हणजे स्विच डीजीवरून शोअरवर टाकला. टगवर सिंक्रोनायझिंग (दोन्ही पुरवठे जुळवून न तुटता बदलायची सोय) नाही, त्यामुळे क्षणभर सगळा अंधार, रडार, जायरो सगळं बसलं, मग शोअर आला. बोर्डवर व्होल्टेज 372. दोन मिनिटांत अंडरव्होल्टेज रिले (व्होल्टेज कमी झालं की पुरवठा तोडणारा) पडला, परत अंधार. "रात्री तीनला एसी बंद पडला की पोरं मला उठवतात, तुम्हाला नाही. आणि डिझेल पोर्टाचं, वीज पण पोर्टाची. आमचं काय वाचतं?"

काय बोलणार? करारच तसा आहे, इंधन पोर्ट देतं. वाचलं तर पोर्टाचं, आणि पावसात दोन खलाशांनी ती जडशीळ केबल ओढायची, पायलटचा (जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्याचा) कॉल आला की धावत काढायची, ते फुकट.

व्होल्टेजचं कारण मात्र लाजिरवाणं निघालं. जेटीचा फीडर, म्हणजे वीज आणणारी लाइन, यार्डातल्या रिफर (फ्रीजवाल्या) कंटेनरच्याच ट्रान्सफॉर्मरवर, आणि टोकाला. डिझाइन करताना भर लोडला टोकाला किती व्होल्ट पोचतील हे कोणी मोजलेलं दिसत नाही, कन्सल्टंटने बिल तेवढं मोजून घेतलं. उपाय सोपा, ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून व्होल्टेज वाढवायचं, अडीच टक्क्यांच्या दोन पायऱ्या. पण तो ऑफ-सर्किट टॅप, एचटी (ट्रान्सफॉर्मरला येणारा उच्च दाबाचा पुरवठा) बंद केल्याशिवाय हात लावता येत नाही, आणि यार्डवाले रिफर बंद ठेवायला तयार होईनात (आत मासळी, त्यांचंही बरोबर आहे). शेवटी यार्डाचा मोठा डीजी चालवून रिफर त्यावर टाकले आणि मग टॅप बदलला. डिझेल वाचवायला डिझेल जाळलं! पहाटे रिफरचा लोड कमी असताना परत जाऊन बघितलं, यार्डाच्या बाजूला व्होल्टेज जास्त तर चढत नाही ना. नव्हतं चढत. टगवर 390 मिळाले, रिले पडला नाही, डीजी बंद राहिला.

पाहणीवाले आले, केबलचा फोटो काढला, चहा घेतला, गेले. मीटर कोणी उघडूनही बघितला नाही. फॉरमॅटमध्ये रकाना एकच, शोअर कनेक्शन आहे का, हो किंवा नाही. आदल्या दिवशी आले असते तरी 'हो'च लिहून गेले असते ना!

आता टगचा करार रिन्यू होतोय. घेतलेल्या युनिटमागे क्रूला काहीतरी द्या अशी नोट मी टाकली होती. फायनान्सने परत पाठवली, 'तरतूद नाही'. काकांना सांगितलं तर म्हणाले, निदान केबलला एक छोटी विंच तरी मागा. ती नोट कालच टाकलीय.