नवी चावी

अण्णा संध्याकाळी आले. त्यांचा बुश, म्हणजे धातूची छोटी पोकळ नळी, लेथवर लावला, चावी उचलली, चक, म्हणजे काम जबड्यांत धरून फिरवणारा भाग, त्या चावीने आवळला, भोक मोठं करून घेतलं आणि चहा पिऊन गेले. चावी नवी आहे, मी स्वतः केलेली, हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. झालं एवढंच. पण साडेअकरा वाजून गेले तरी डोक्यात तेच फिरतंय.

जुनीच्या चौकोनी टोकाचे कोपरे पार झिजले होते. जोर लावला की सटकायची, आणि सटकली की बोटं थेट जबड्यांवर. नवी करायची तर सळी चकमध्ये धरायला हवी, आणि ती धरायला चावीच हवी. शेवटी जुनीलाच पत्र्याची पट्टी गुंडाळून तेवढं भागवलं. लोहाओळीच्या लोखंडबाजारातून ईएन ८ पोलादाची १६ मिलिमीटरची सळी आणली होती. टोक १४ वर उतरवलं आणि पुढचं सगळं कानशीवर. चकची चौकोनी खाच १० ची. १४ च्या गोलावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर गेले की १० उरतात, आणि कोपरे किंचित गोल राहतात, ते हवेच असतात. कानस जराशी झुलली की बाजूला पोट येतं. म्हणून गुण्या लावायचा, बल्बासमोर धरायचं, फटीतून उजेड आला की उंच जागेवर पुन्हा कानस.

पाणी द्यायला, म्हणजे तापवून एकदम थंड करून टोक कडक करायला, अंधाराची वाट पाहिली. मे महिन्यात इथे दिवसा शेगडीजवळ बसवत नाहीच, पण खरं कारण रंगाचं. भर उजेडात लालीचा अंदाज येत नाही. ७७० अंशांच्या आसपास चुंबक पोलादाला धरेनासं होतं. ईएन ८ ला त्याच्याही वर न्यावं लागतं, ८३० ते ८६०. मग तेलात. तसंच ठेवलं तर ठिसूळ, म्हणून एमरीने लख्ख घासून पुन्हा मंद आच. वर एकेक रंग चढत जातो: पिवळा, तपकिरी, जांभळा, आणि निळा आला की बस, साधारण ३०० अंश. तो निळा टोकाकडे सरकत गेला तेव्हा शेजारी कोणी असावं असं फार वाटलं. मंजूला हाक मारली होती. श्रीकांत इथे असता तर... जाऊ दे.

कोणासाठी करतो मी हे सगळं? घरात कोणाला कानस आणि रंधा यांतला फरक माहीत नाही. ज्यांना कळतं ते एकटे अण्णा, आणि ते चहात साखर कमी आहे म्हणाले. चावीबद्दल अवाक्षर नाही.

मघाशी अंथरुणावर पडल्या पडल्या आठवलं, जुनी चावी हातात घेतली की अण्णा दर वेळी बोलायचे. ‘‘काहून ठेवली बे ही अजून? बोटं जातील एखाद्या दिवशी.’’ एकदाही चुकले नाहीत. हिंगण्याला इतकी वर्षं लेथवर काढलेला हात, त्याला खाचेतली केसाएवढी ढिलाई कळते. आज तो हात चावी घालून, आवळून, काढून मोकळा झाला आणि तोंडातून शब्द निघाला नाही. म्हणजे बोलण्यासारखं काही सापडलंच नाही त्यांना.

हे पटतं. तरी एकदा उलटीपालटी करून बघितली असती, तर बरं वाटलं असतं. दोन्ही खरं आहे. आता त्याचं वाईट वाटणं मात्र बरंच ओसरलं आहे.

जुनी भंगारात देणार नाही. का, ते मंजूला सांगता आलं नाही.

एक मात्र मी पाहिलं. चौकोनावर स्प्रिंग घातली आहे, हात सोडला की चावी आपोआप बाहेर यावी म्हणून; चकमध्ये विसरली आणि लेथ सुरू झाली तर ती कोणाच्या छातीत बसेल सांगता येत नाही. ती स्प्रिंग दाबायला अण्णांना दोन्ही हात लावावे लागले. त्यांचा उजवा खांदा आता साथ देत नाही. इतवारीत बारीक तार मिळेल, तिची नवी स्प्रिंग गुंडाळतो.