नंबर प्लेटवरील ‘ईएल’: नॉर्वेत पेट्रोलची गाडी मागे कशी पडली

ओस्लोला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात नजरेत भरली ती गाड्यांच्या नंबर प्लेटवरील ‘ईएल’ ही अक्षरे. १९९९ पासून विजेच्या गाड्यांना ती दिली जाऊ लागली, आणि गाड्या इतक्या वाढल्या की पुढे ‘ईके’, ‘ईव्ही’ अशा नव्या मालिका काढाव्या लागल्या. २०२० मध्ये येथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ५४.३ टक्के पूर्णतः विजेच्या होत्या. २०२४ मध्ये हे प्रमाण ८८.९ टक्क्यांवर गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, नव्या-जुन्या सर्व मोटारी धरूनही, विजेच्या गाड्यांची संख्या पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा काही शेकड्यांनी जास्त भरली.

कराडला घरी फोनवर हे सांगितले की ‘तिकडची माणसे श्रीमंत आणि निसर्गप्रेमी, म्हणून’ असे उत्तर मिळते. श्रीमंती खरी आहे. परंतु येथील शेजारी आणि सहकारी गाडी घेण्याविषयी बोलतात तेव्हा मला बहुधा हिशेबच ऐकू येतो. नॉर्वेत पेट्रोलच्या गाडीवर २५ टक्के मूल्यवर्धित कर तर लागतोच, शिवाय गाडीचे वजन आणि तिच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड यांनुसार ठरणारा, एकदाच भरावयाचा जबर नोंदणी करही लागतो. विजेच्या गाडीला या दुसऱ्या करातून १९९० मध्ये, प्रथम तात्पुरती म्हणून, सूट मिळाली आणि २००१ पासून मूल्यवर्धित करही माफ झाला. त्यामुळे कारखान्यातून महाग निघालेली विजेची गाडी विक्रेत्याच्या दारात पोहोचेपर्यंत पेट्रोलच्या गाडीच्या बरोबरीला येत असे. पेट्रोलच्या गाड्या बनवणारा मोठा उद्योग देशात नसल्याने या धोरणाला कारखानदारांचा विरोधही फारसा झाला नाही, आणि सरकारे बदलली तरी ते टिकले. २०२५ पर्यंत सर्व नव्या मोटारी धूरविरहित असाव्यात हे उद्दिष्ट संसदेने २०१७ मध्ये स्वीकारले तेव्हाही त्याला बंदीचे रूप दिले नाही. भर राहिला तो करांवरच.

टोलमाफीची कथा तर ऐकण्यासारखी आहे. १९८९ मध्ये ‘आ-हा’ या प्रसिद्ध पॉप गटाचे दोन कलाकार आणि ‘बेलोना’ या पर्यावरण संस्थेचे फ्रेडरिक हाऊगे यांनी विजेवर चालणारी केलेली एक फियाट पांडा देशात आणली आणि टोल न भरता ती पुन्हा पुन्हा नाक्यावरून नेली. दंड थकला, गाडी जप्त होऊन लिलावात निघाली. १९९७ मध्ये विजेच्या गाड्यांना खरोखरच टोल माफ झाला, आणि काही वर्षांनी बससाठी राखीव मार्गिकाही त्यांना खुल्या झाल्या.

आमच्या गृहसंस्थेत प्रश्न वेगळाच होता. तळघरातील सर्व जागांवर एकाच वेळी चार्जिंग सुरू झाले तर इमारतीची वीजजोडणी पुरणार नाही, म्हणून उपलब्ध वीज गाड्यांमध्ये वाटून देणारी यंत्रणा बसवावी लागली, आणि तिचा खर्च गाडी नसलेल्यांनीही का द्यावा यावर सर्वसाधारण सभेत बराच वेळ चर्चा झाली. थंडीचा त्रासही खोटा नाही: उन्हाळ्यात चारशे किलोमीटर जाणारी आमची गाडी उणे पंधरा अंशांत तीनशेही गाठत नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी चार्जरला जोडलेली असतानाच तिची केबिन तापवून घेण्याची सवय लागली आहे.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. या सवलतींचा सर्वांत मोठा लाभ अनेक वर्षे नवी गाडी घेऊ शकणाऱ्या सुस्थितीतील कुटुंबांनाच मिळाला. २०२३ पासून पाच लाख क्रोनरवरील किमतीवर मूल्यवर्धित कर आणि गाडीच्या वजनावरही कर लागू झाला, तो मला उशिरा का होईना पण न्याय्य वाटतो.

महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ केला, तेव्हा भावाने उत्साहाने बातमी पाठवली आणि आता घ्यावी का, असे विचारले. येथील वीज जवळजवळ सगळी पाण्यापासून तयार होते. आमच्याकडे कोयना हाकेच्या अंतरावर असली, तरी राज्याच्या विजेचा मोठा भाग अजून कोळशाचाच आहे, हे मी त्याला सांगितले. मग त्याच आकाराच्या पेट्रोलच्या गाडीची सर्व करांसह किंमत काढून पाठव, असेही कळवले. तो आकडा आला की आम्ही दोघे मिळून पुढचा हिशेब मांडणार आहोत.