घाटवारीची नोंद: वरंधने खाली, आंबेनळीने वर

मागच्या खेपेला वरंध उतरताना निम्म्या वाटेतच ब्रेकचा जळका वास आला होता. गाडी बाजूला घेऊन चाकं निवायची वाट बघत बसलो, तेव्हाच ठरवलं की पुढची वारी याच घाटाची. फेरा असा: भोर, वरंध, महाड, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर आणि पसरणीने वाई.

पहाटे भोर सोडलं. नीरा-देवघर धरणाचं पाणी लागलं की रस्ता त्याच्या कडेकडेने वळसे घेत पश्चिमेला जातो. ऊन पाठीशी राहतं, डोळ्यांवर येत नाही. हा पट्टा सकाळीच करावा.

वाघजाईच्या देवळापाशी थांबलो. इथे रस्ता कावळ्या किल्ल्याचा डोंगर कापून जातो आणि समोर एकदम कोकण उघडतं. चहा घेतला, टायरची हवा तपासली. माकडं फार आहेत, काचा वर ठेवा.

उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा गिअर टाकला. जुने ड्रायव्हर सांगतात तेच खरं: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. गाडीला इंजिनच धरून ठेवतं. ब्रेक फक्त वळणाआधी, सरळ रस्त्यावर, एकदा नीट दाबायचा आणि सोडायचा. पायाखाली तो सतत अर्धवट दाबून ठेवला की तापतो आणि तापला की धरत नाही. पायथ्याच्या माझेरी गावात उतरून पुढच्या चाकाजवळ हात नेला. कोमट ऊब होती, वासाचा पत्ता नाही. त्या क्षणाचा आनंद कसा सांगू!

डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणाऱ्यांना कळकळीने सांगतो, तसं करू नका. इंजिनची पकड सुटली की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. त्यात इंजिनही बंद केलंत तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही लवकरच संपते.

महाडला चवदार तळ्यापाशी थोडं थांबलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब इथल्या पाण्यापर्यंत चालत आले, आणि आपण नुसतंच हायवेवरून निघून जातो, हे बरं वाटत नाही.

पोलादपूरपुढे आंबेनळीची चढण. एका आवळ वळणावर वरून एसटी आली. चालकाने अख्खी गाडी डोंगराकडेला दाबून उभी केली आणि हाताने मला वर बोलावलं. चढणाऱ्याला आधी वाट, हा नियम त्यांच्या अंगात मुरलेला आहे. हॉर्न वाजवून आभार मानले.

वाडा या गावाहून प्रतापगडाला वळलो. गड १६५६ चा. १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखान याच्या पायथ्याशी मारला गेला. पुस्तकात जावळीचं खोरं नुसतं नाव असतं. दुसऱ्या गिअरमध्ये वळणामागून वळण चढताना, दोन्हीकडे रान दाटताना, इथे मोठी फौज आणणं म्हणजे काय ते अंगाला कळतं.

महाबळेश्वरला गर्दी होती, थांबलो नाही. पसरणी उतरताना खाली कृष्णेचं खोरं आणि वाईची घरं संध्याकाळच्या उन्हात होती.

अजून एक खोट आहे: डावीकडच्या हेअरपिन वळणाला, म्हणजे रस्ता जिथे उलटा वळतो तिथे, तिसऱ्या गिअरवरून दुसरा टाकताना गाडी हिसका देते. क्लच घाईने सुटतो आहे. पुढची वारी कुंभार्लीची, चिपळूणकडून कराडला. तिथे एवढंच घोटणार.