तुम्ही विचारलंत म्हणून: ते जंतू मारून का टाकत नाही?

आखाजीला माहेरी अमळनेरला गेले की हा प्रश्न ठरलेला. "केमोच्या पेशंटला पोटातल्या जंतूंच्या एन्झाइममुळे जुलाब होतात म्हणतेस, मग अँटिबायोटिक देऊन ते जंतूच मारा ना! एका एन्झाइमचा आकार बघत इतकी वर्षं कशाला?" विचारणाऱ्यांत डॉक्टर आहेत, मास्तर आहेत, माझी सख्खी आत्या आहे. मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि कुणाचंच समाधान होत नाही. आज पूर्ण सांगते.

एन्झाइमचं नाव बीटा-ग्लुकुरोनिडेज. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर इरिनोटेकान देतात, त्यातून शरीरात एसएन-३८ हे खरं मारक रसायन तयार होतं. यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल नावाचा साखरेचा तुकडा जोडून निष्प्रभ करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. जंतूला ती साखर हवी असते. त्याचं एन्झाइम ती कापून घेतं आणि मारक रसायन पुन्हा मोकळं होतं, या वेळी थेट आतड्याच्या अस्तरावर.

हे मला पाठ होतं, आणि तरीही मामांच्या खोलीबाहेर मी नुसती बसून होते.

मामा चोपड्याकडचे, केळीचे बागाईतदार. कॅन्सर पसरल्यावर जळगावला इरिनोटेकान सुरू झालं, तेही ऐन मे महिन्यात. दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांनी जुलाब लागले ते थांबेचनात. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड चालू, सलाईन चालू, तरी ओठ कोरडेच. मामी रात्रभर चादरी बदलत होती. मला ते खोलीबाहेर जायला सांगायचे, भाचीसमोर त्यांना लाज वाटायची. एका दुपारी जरा बरं वाटलं तेव्हा त्यांनीच हाक मारली. "तू ज्याना अभ्यास करस, तेच शे ना हाई?" मी हो म्हणाले. "मंग त्याले बंद काबर नही करतस तुम्ही?"

रिपोर्टच्या पाकिटावर मी चित्र काढलं. प्रथिनाच्या चार सारख्या साखळ्या एकत्र येऊन हे एन्झाइम बनतं. प्रत्येकीत एक खोबण, तिथं ग्लुटामेट नावाची दोन अमिनो आम्लं मिळून साखरेचा बंध तोडतात. खोबणीच्या तोंडाशी एक लवचीक वळसा आहे. आपल्या स्वतःच्या पेशींतही बीटा-ग्लुकुरोनिडेज असतं आणि ते लागतंच, जन्मतः नसलं तर स्लाय सिंड्रोम नावाचा गंभीर आजार होतो. पण आपल्या एन्झाइमला तो वळसा नाही. म्हणजे वळशाला धरून बसणारा रेणू जंतूचं एन्झाइम अडवेल आणि आपल्याला हात लावणार नाही. मामा बराच वेळ बघत राहिले. "मंजे दारं बंद करानं, पाट मोडाना नही." माझ्या कुठल्याही प्रेझेंटेशनमध्ये हे इतकं नेमकं आलेलं नाही.

इरिनोटेकान ज्या कॅम्प्टोथेसिनपासून बनतं ते १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं करणाऱ्यांत मनसुख वाणी होते, जन्म नंदुरबारचा, हेही मी त्यांना सांगितलं. "आपला नंदुरबारना?" असं त्यांनी दोनदा विचारलं. पुढचा डोस कमी केला, मग तोही सोसेना म्हणून औषधच थांबवलं. दिवाळीआधी मामा गेले. ते कॅन्सरने गेले, जुलाबाने नाही. पण औषध चालू राहिलं असतं तर काही महिने मिळाले असते का, हा प्रश्न मी कुणापुढे काढत नाही.

आता अँटिबायोटिकचं. केमोत पांढऱ्या पेशी आधीच घटलेल्या असतात. अशा वेळी आतड्यातली वस्ती साफ केली तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या जंतूला रान मोकळं मिळतं. शिवाय मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी ज्या ब्युटिरेटवर जगतात, ते हेच जंतू तयार करतात. सोललेल्या अस्तराची शिदोरी तोडायची आणि त्याला उपचार म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आणि आकार बघून मिळतं काय? २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या मॅथ्यू रेडिनबो यांच्या गटाने त्या वळशापाशी बसणारे रेणू दाखवले. जंतू मेले नाहीत, माणसाचं एन्झाइम शाबूत राहिलं आणि इरिनोटेकान दिलेल्या उंदरांचे जुलाब आटोक्यात आले. मग २०१७ मध्ये त्याच गटाने माणसाच्या आतड्यातल्या जंतूंची अशी २७९ वेगवेगळी प्रथिनं मांडली. वळशांवरून त्यांचे सहा गट पडतात आणि काहींना वळसाच नाही. एकाला बसणारा रेणू दुसऱ्याला बसेलच असं नाही. माझी वर्षं इथं जातात.

पीएचडीच्या सुरुवातीची मी छातीठोक सांगायची की औषध आता येईलच. तिच्याशी माझं वारंवार भांडण होतं. उंदीर आणि माणूस यांत अंतर आहे हे तिला ठाऊक होतं, पण तिने मे महिन्यातली ती खोली पाहिली नव्हती. तरी तिची घाई मला खोटी वाटत नाही, मामांचीही तीच होती. माझी एक शंका मात्र उरतेच. मोकळं झालेलं थोडं एसएन-३८ आतड्यातून परत रक्तात जातं. एन्झाइम अडवलं तर गाठीवरचा मारा कमी पडेल का? २०२० मध्ये उंदरांत उलटंच दिसलं, जुलाब आटोक्यात राहिल्याने औषध जास्त देता आलं आणि गाठीवर परिणामही वाढला. माणसांत काय होईल ते माणसांतच तपासावं लागेल. आत्या, तोवर अँटिबायोटिकचं नाव माझ्यापुढे काढू नकोस.